सहा पंखे, तरी पीसी तापतोच

प्रश्न : सांगलीत मार्केट यार्डाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दिवाळीत नवा पीसी जुळवून घेतला. कॅबिनेटला पुढून काच, तिच्यामागे तीन रंगीत पंखे, वर दोन, मागे एक. पुढचे हवा आत घेतात, वरचे बाहेर टाकतात. गार हवा जास्त मिळावी म्हणून मागचाही मी आत हवा घेणारा करून लावला. तरी रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवायचं काम) लावलं की प्रोसेसर 95 अंशांवर जातो आणि काम रखडतं. आवाज तर असा की गिऱ्हाइकाशी बोलणं मुश्कील. हळदीच्या धुळीमुळे कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात दार लावून ठेवतो. दुकानदार लिक्विड कूलर, म्हणजे द्रव फिरवून प्रोसेसर गार करणारा, घ्या म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : इतक्यात नको. लिक्विड कूलरचा रेडिएटर, म्हणजे त्यातला द्रव गार करणारी जाळी, सुद्धा हवेनंच गार होतो आणि तुमच्याकडे नेमकी हवेचीच बोंब आहे.

आधी तो कप्पा. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवात हवा कोंडल्यामुळे हळद टिकायची. तुम्ही पीसीसाठी तसंच पेव बांधलंय. वरून निघालेली गरम हवा दाराआड अडते आणि पुढचे पंखे तीच परत ओढतात. मग सहा काय नि दहा काय! कॅबिनेट बाहेर काढा, टेबलावर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. खोलीत 38 अंश असतील तर कुठलाही पंखा प्रोसेसरला त्याच्याखाली नेणार नाही, पण कप्प्यातली हवा त्याहून कितीतरी गरम असते.

आता मागचा पंखा. तुमच्या प्रोसेसरवर उभा टॉवर कूलर असेल, तर त्याचा पंखा हवा पुढून मागे ढकलतो. तिथंच समोरून तुमचा मागचा पंखा आत फुंकतोय. दोघांची टक्कर होते आणि गरम हवा प्रोसेसरभोवतीच घुटमळते. चार स्क्रू काढा, पंखा फिरवा. पंख्याची मोकळी बाजू हवा ओढते; ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, तिकडून ती बाहेर पडते. हल्ली उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात, म्हणून नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. उदबत्ती पेटवून जवळ धरा, धूर कुठं जातो ते लगेच दिसेल.

वरच्या दोनपैकी पुढच्या काचेकडचा पंखा काढूनच टाका. पुढून आलेली गार हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो वर पळवतो. दुकानात पंखे मोजून पीसी विकतात, त्याला माझा इलाज नाही. तीन आत, दोन बाहेर एवढं पुरे. आत येणारी हवा थोडी जास्त असली की कॅबिनेटमध्ये किंचित दाब राहतो आणि फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. हळदीची भुकटी मग बहुतेक पुढच्या जाळीवरच बसते. जाळी नसेल तर बसवून घ्या. यार्डाजवळ असाल तर हंगामात ती दर आठवड्याला नळाखाली धुवा आणि खडखडीत वाळवूनच लावा. आतली धूळ ब्लोअरनं काढताना पीसी बंद ठेवा, वायर काढा आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतानं ती भलत्याच वेगानं फिरली तर बेअरिंग जातं.

पुढची काच दिसायला झकास आहे, पण पंख्यांना श्वास कडेच्या चिरेतूनच. ती काढून तेच रेंडर लावून बघा. तापमान चांगलं उतरलं तर जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या, लिक्विड कूलरपेक्षा बहुधा स्वस्तातच पडेल. काच काढून, बाजूचं झाकण उघडूनही आकडा हलला नाही, तर दोष हवेचा नाही. मग कूलर नीट बसलाय का, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे थर्मल पेस्ट लावलीय का, ते तपासा. नव्या कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक तसंच राहिलेले पीसी माझ्या विश्रामबागेतल्या दुकानात आजही येतात.

आवाजाचं म्हणाल, तर पंखे बहुतेक थेट एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या, वायरीवर जोडलेत. तिथं पूर्ण 12 व्होल्ट मिळतात, म्हणून ते कायम भरधाव. मदरबोर्डवर SYS_FAN किंवा CHA_FAN असं लिहिलेल्या पिना असतात, तिथं जोडा. चार पिनांचा पंखा असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा वेग ठरवायला पीडब्ल्यूएम निवडा, तीन पिनांचा असेल तर डीसी. रंगीत दिव्यांची वायर वेगळी असते, ती या पिनांत घुसवू नका. पंख्याच्या पिनांच्या एका संचावर साधारण एक अँपिअरचीच सोय असते. तेव्हा तीन-तीन पंखे जोडण्याआधी त्यांच्यावर छापलेले अँपिअर बेरीज करून बघा. जास्त भरले तर एसएमपीएसवरून वीज घेणारा हब लावा आणि वेगाची वायर तेवढी मदरबोर्डला द्या.