शब्द कामाला लागतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी विचारलं होतं की रोजच्या जगण्यात आणि लिहिण्यात शब्द काय काय घडवतो, तुमचे अनुभव आणि प्रश्न पाठवा. भरपूर आले, जास्त करून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून. त्यातले चार घेते. पहिल्याला जास्त जागा देते कारण तोच प्रश्न बऱ्याच जणींनी फिरवून फिरवून विचारलाय.

प्रश्न : ताई, आमची केळीची बाग आहे. रोज रात्री मी वहीत काहीतरी लिहिते पण दुसऱ्या दिवशी वाचलं की शाळेतला निबंध वाटतो, निसर्गरम्य परिसर, हिरवा शालू, तेच ते. माझ्याकडे शब्दच नाहीत. शब्दसंपत्ती वाढवायला काय वाचू? यंदा बाग लवकर निसवली त्यामुळे ह्यांना भावाचं टेन्शन आहे, नाहीतर आधीच पत्र लिहिलं असतं. (रावेर तालुका)

उत्तर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. "बाग निसवली." पोग्यातून घड बाहेर यायला लागला हे तुम्ही एका शब्दात सांगून टाकलंत आणि त्यात तुमचे कितीतरी महिने आहेत, पाणी, खत, वादळाची भीती, सगळं. शहरातल्या माणसाला हेच सांगायला तीन ओळी लागतील आणि तरी ते बाहेर येणं दिसणार नाही. आणि तुम्ही म्हणता शब्द नाहीत! शब्द आहेत हो, वही उघडली की तुम्ही ते उंबऱ्याबाहेर ठेवता आणि पाठ्यपुस्तकातले पाहुणे आत घेता.

आपल्या इथलंच उदाहरण घ्या. बहिणाबाई चौधरी १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या, लिहिता वाचता येत नव्हतं, जात्यावर बसल्यावर किंवा शेतात काम करता करता ओव्या सुचायच्या. त्यांनी मनाला काय म्हटलं? उभ्या पिकात शिरणारं ढोर. कितीही हाकला, परत पिकावर येतं. मन चंचल असतं हे आधी हजारांनी सांगितलं असेल पण ढोर हाकलून हाकलून ज्याचे हात दुखले त्यालाच हे दिसणार, आणि एकदा त्यांनी म्हटल्यावर आता आपल्यालाही मन तसंच दिसतं. शब्दाची निर्मिती म्हणतात ती हीच असं मला मनापासून वाटतं. नवीन शब्द कुठूनही आणलेला नाही, ढोर पण घरचं आणि पीक पण घरचं, फक्त दोन्ही मनाशेजारी आणून उभे केले.

अजून एक बघा, त्या ओव्या त्यांनी स्वतः लिहिल्या नाहीत, म्हटल्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, मग सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. धुळ्याच्या जेलमध्येही असंच झालेलं. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी विनोबा समोर बसलेल्या कैद्यांना गीतेचा एकेक अध्याय समजावून सांगायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे, गीता प्रवचने म्हणून आज घराघरात आहेत ती हीच. खानदेशातली ही दोन मोठी पुस्तकं आधी तोंडाने बोलली गेलीत, समोर कोणीतरी ऐकायला होतं. मला तर यातच तुमचं उत्तर दिसतं. वहीला कान नसतात म्हणून आपण तिच्याशी भाषण करतो. तुम्ही लिहिताना एक माणूस समोर धरा, पुण्याला दिलेली बहीण धरा, तिला फोनवर आजचा दिवस सांगताय असं समजा. हवं तर मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा आणि मग जसंच्या तसं उतरवा, अडखळणं सुद्धा. पंधरा दिवस करून बघा आणि त्यातलं एक पान मला नक्की पाठवा. वाचायचं म्हणाल तर काहीही आवडीचं वाचा, पण वाचलेला शब्द लगेच दुसऱ्या दिवशी वहीत घालायची घाई नको, तो आधी तोंडात रुळू द्या.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. गणितात मागे आहे म्हणून क्लासमध्ये सर त्याला सगळ्यांसमोर "ढ" म्हणतात आणि खरं सांगतो, रागात मी पण म्हणतो. बायको म्हणते असं बोलू नका, शब्द लागतो. मला वाटतं बोलण्याने काय होतंय, अभ्यास केला तर होईल. कोणाचं बरोबर? (धुळे)

उत्तर : दादा, वहिनींचं बरोबर आहे. बोलण्याने काय होतं हे आपली भाषाच सांगते. आपण शब्द देतो, शब्द टाकतो, कोणाचा शब्द खाली पडू देत नाही, शब्द मोडतो, शब्दाला जागतो. हातातल्या वस्तूसारखंच वागवतो की आपण त्याला. सुपारी फुटली आणि चार माणसांत "पोरगी दिली" असं बापाने म्हटलं की कागदावर काहीही नसताना दोन घरं बांधली जातात. इंग्लंडचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली ती याच विषयावर, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच कृती असते, जसं वचन देणं किंवा नाव ठेवणं.

नाव ठेवणं म्हटलं आणि मला साताऱ्याच्या मुली आठवल्या. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ मुलींनी समारंभात स्वतःची नावं बदलली. आधीचं नाव काय होतं माहितीये? नकोशी, नकुसा. मुलगा हवा होता, मुलगी झाली म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. हजेरीला रोज उभं राहून "नकोशी, हजर" म्हणायचं, दादा, रोज. त्यातल्या कित्येक मुलींनी स्वतः निवडून नवी नावं घेतली तेव्हा दुसरं काहीच बदललं नव्हतं, घर तेच, शाळा तीच, पण हाक मारणाऱ्याला आता दुसरा शब्द तोंडातून काढावा लागणार होता.

"ढ" हे पण नावच आहे. तुमच्या पोराला ते दोन ठिकाणी मिळतंय, क्लासमध्ये आणि घरी, म्हणजे त्याला पळून जायला तिसरी जागा नाही. माझं ऐकाल तर त्याच्याबद्दल बोलायचं थांबवून त्या गणिताबद्दल बोला. "तुला काही येत नाही" ऐवजी "अपूर्णांकाची बेरीज अडतेय तुझी, छेद सारखा करायला विसरतोस". बघा, या वाक्यात त्याला उद्या करण्यासारखं काहीतरी आहे, "ढ" मध्ये करण्यासारखं काहीच नाही. सरांना भेटा, एकटे भेटा, शांतपणे सांगा. आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी वसतिगृहाच्या मुलांसाठी "छात्रालय" नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे हे तुम्हाला माहिती असेल. एवढं कष्टाने रोज कोणी आपल्यासाठी लिहितंय याने त्या पोरांना काय वाटलं असेल! तुम्ही एक चिठ्ठी तरी लिहा, डब्यात टाका. चूक तुमची होती तर तसं लिहा. बापाने लिहिलेलं "माझं चुकलं" पोरगं आयुष्यभर जपून ठेवतं.

प्रश्न : कथा लिहिताना संवाद अहिराणीत ठेवू का? वाचकांना कळणार नाही असं मित्र म्हणतात. (साक्री)

उत्तर : ठेवा. तुमची आजी "काय करी राहिना?" विचारते तिथे "काय करतो आहेस?" लिहिलं की आजी बदलून दुसरीच बाई येते. "शे" चा अर्थ "आहे" हे वाचकाला दुसऱ्या ओळीत कळतं, माणूस ओळखीचा झाला की बोली आपोआप कळते. फक्त गंमत म्हणून, गडी माणसांना हसण्यापुरती बोली देऊ नका, तेवढं सांभाळा. ज्याचं दुःख सगळ्यात मोठं आहे त्याच्या तोंडी पण अहिराणी असू द्या. बहिणाबाईंची लेवा बोली अहिराणीची शेजारीणच, तिने अख्ख्या महाराष्ट्राला रडवलंय.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीची आई गेली. दारावर जायचंय. ग्रुपवर सगळे "भावपूर्ण श्रद्धांजली" टाकतायत, मी पण टाकलं पण ते टाकून काहीच झालं नाही असं वाटलं. समोर गेल्यावर काय बोलू? त्या माउलीने मला बारावीच्या परीक्षेत डबा पाठवला होता, मी खोली करून राहत होते तेव्हा. (शहादा)

उत्तर : माझे वडील गेले तेव्हा पंधरा दिवस माणसं येत होती. धीर धरा, देवाची मर्जी, चांगले होते, सगळे मनापासून बोलत होते आणि मला त्यातलं आता काही आठवत नाही. एक म्हातारे शेतकरी आले, मी त्यांना ओळखत नव्हते, ते खाटेवर बसले आणि अहिराणीत सांगायला लागले की एका दुष्काळात ते बैल विकायला निघाले होते, माझे वडील रस्त्यात भेटले, बैल परत फिरवायला लावले आणि चाऱ्याचे पैसे दिले, पुढे कधी मागितले नाहीत. मला हे माहितीच नव्हतं. त्या पाच मिनिटांत माझे वडील मला थोडे परत मिळाले, त्या रस्त्यावर उभे असलेले, तरुण, माझ्या जन्माच्या आधीचे.

म्हणून शोधू नका काही. तुमच्या मैत्रिणीला त्या डब्याबद्दल बहुतेक पूर्ण माहिती नसेल, आया सांगत नाहीत. तिच्याजवळ बसा आणि डब्यात काय होतं ते सांगा, कळण्याची भाकरी असेल तर भाकरी, ठेचा असेल तर ठेचा, कोणाच्या हाती पाठवायच्या ते, आणि डबा परत करताना तुम्ही त्यात काय ठेवलं होतं ते पण.