लिनक्स कर्नलच्या चाचण्यांमधील कंपायलर वॉर्निंग दुरुस्त करण्यात काही अर्थ आहे का?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, पहिले काम म्हणून सेल्फटेस्टमधल्या (कर्नलसोबतच येणाऱ्या चाचण्यांमधल्या) वॉर्निंग, म्हणजे कंपायलरचे इशारे, हाती घ्यावेत का, की हे काम हलके समजले जाते, आणि सुरुवात कोठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. हलके समजणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या हाताखाली मी चार वर्षे काढली आहेत, म्हणूनच हे उत्तर लिहायला बसलो.

२०२१ साली मी सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी बसून एका कंपनीचे काम करत होतो. कंपनी आपल्या उपकरणांसाठी कर्नलमध्ये स्वतःचे बदल करत असे आणि त्या बदलांच्या चाचण्या आमच्या गटाकडे होत्या. त्यातली एक चाचणी सीग्रुपच्या, म्हणजे एकत्रित मर्यादा घालता येणाऱ्या प्रोसेसच्या गटाच्या, मेमरी मर्यादेची होती. एका सीग्रुपला ६४ एमबीची मर्यादा घालायची, त्यात एक चाइल्ड प्रोसेस सोडायची, तिला ४८ एमबी प्रत्यक्ष वापरायला लावायचे आणि ती जिवंत राहते का ते पाहायचे. मर्यादेच्या आत असलेली प्रोसेस मारली जाता कामा नये, एवढेच तपासायचे होते. रोज रात्रीच्या अहवालात तिच्यापुढे 'ओके' येत असे.

मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्ड कसे करायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, कोणीतरी 'नो-अनयूज्ड-रिझल्ट' हा, परतीची किंमत न पाहिल्याची वॉर्निंग दडपणारा पर्याय घालून ठेवला होता. तो काढल्याबरोबर जीसीसी या कंपायलरने एका ओळीवर बोट ठेवले: मर्यादा फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइट() या कॉलने काय परत दिले, हे कोणी पाहतच नाही. वरिष्ठांना विचारले तर ते म्हणाले, "अहो, टेस्ट पास होते आहे ना? टेस्टचा कोड काही गिऱ्हाइकाकडे जात नाही. कशाला वेळ घालवता?"

मी दोन ओळींची अट लिहिली आणि चाचणी चालवली. राइट() उणे एक, म्हणजे अपयश, देत होता आणि त्रुटी होती 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर', कारण त्याच्या आधीचा, फाइल उघडणारा ओपन()च फसला होता. खालच्या गटांत कोणत्या मर्यादा घालता येतील हे वरच्या सीग्रुपच्या सबट्री-कंट्रोल या फाइलमध्ये ठरते; तिच्यात मेमरी कंट्रोलर चालू केलेला नव्हता, त्यामुळे खालच्या सीग्रुपमध्ये मर्यादा लिहायची 'मेमरी डॉट मॅक्स' ही फाइलच तयार होत नव्हती. मर्यादा कधी लागलीच नव्हती; मर्यादा नसलेली प्रोसेस जिवंत राहते, हे आम्ही रोज रात्री सिद्ध करत होतो. कंट्रोलर चालू केला आणि पहिल्याच खेपेला प्रोसेस मारली गेली. आमच्याच एका बदलामुळे पेज (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) दोनदा मोजली जात होती, म्हणजे ४८ चे ९६ होत होते.

त्याच जुलैत कृष्णा धोका पातळीच्या वर गेली होती. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि ४० फुटांची बातमी आली की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसे सामान वर चढवू लागतात. अजून ४५ झाले नाही म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही. वरिष्ठांना मी हेच सांगितले होते. त्यांनी विषय बदलला.

माझे स्पष्ट मत असे आहे की चाचणीतली वॉर्निंग मूळ कोडमधल्या वॉर्निंगपेक्षा अधिक गांभीर्याने घ्यावी. मूळ कोड चुकला तर चाचणी तरी सापडवते. चाचणीची चाचणी कोणी घेत नाही, तिच्यावर नजर ठेवणारा बहुतेक वेळा एकटा कंपायलरच असतो. २०२१ मध्येच, ५.१५ आवृत्तीत, वॉर्निंगला सरळ एरर मानण्याची 'कॉन्फिग वेरर' ही सोय मुख्य कर्नलमध्ये आली. तेथे ज्याला इतके महत्त्व दिले गेले, त्याला चाचण्यांत किरकोळ का म्हणावे?

सुरुवातीला सेल्फटेस्टमधली 'टायमर्स'सारखी एकच डिरेक्टरी घ्या, ती जीसीसीने आणि मग 'एलएलव्हीएम=१' देऊन क्लँग या दुसऱ्या कंपायलरने बिल्ड करा आणि दोघांच्या तक्रारी शेजारी ठेवून वाचा. परतीची किंमत न पाहिल्याची तक्रार असेल तर ती गप्प करू नका, तपासा. जीसीसी येथे नुसत्या व्हॉइड कास्टने, म्हणजे किंमत मुद्दाम टाकून देत असल्याचे लिहिल्याने, गप्प बसतही नाही. आवश्यक ती सोय त्या मशीनवर नसेल तर चाचणीने खोटे 'ओके' न देता ४ हा स्किपचा (चाचणी वगळल्याचा) कोड परत द्यावा. पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या बदलाच्या, संदेशात वॉर्निंगचा मजकूर जसाच्या तसा उतरवा आणि पॅच कोणाला पाठवायचा हे कर्नलमधल्या 'गेट-मेंटेनर' स्क्रिप्टला विचारा.

एक सांगायचे राहिले: सगळ्याच वॉर्निंग खऱ्या नसतात. 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' (व्हेरिएबलला किंमत न देताच ते वापरल्याची शंका) पुष्कळदा चुकीची निघते, आणि काही चाचण्या सिस्टिम कॉलला मुद्दामच नल, म्हणजे कोठेच न दाखवणारा, पॉइंटर देतात आणि कंपायलर त्यावरही तक्रार करतो. अशी ओळ 'सुधारली' तर चाचणीच मरते. तेथे फक्त त्या ओळीपुरती वॉर्निंग बंद करून कारण टिप्पणीत लिहावे.

तुमच्या पॅचला कोणी नुसती साफसफाई म्हटले, तर दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही निकाल सर्वांसमोर ठेवा. माझ्याकडे ते दोन्ही होते, पण मी ते बैठकीत न मांडता एकट्या वरिष्ठांना मेलने पाठवले, आणि तो बदल 'किरकोळ दुरुस्ती' या शीर्षकाखाली आत गेला.