टाकी पाझरते ती कोपऱ्यात

प्रश्न : आमची तीन सिलिंडरची होडी आहे. जुनी डिझेल टाकी खालून कुजली म्हणून मासेमारी बंदीच्या दिवसांत भावाने आणि मी घरीच नवी केली. २ मिमी पत्रा, सहा तुकडे कापून वेल्डिंगने जोडले, आत एक पडदा (डिझेल हिंदकळू नये म्हणून मध्ये लावतात तो पत्रा). पाणी भरून दोन दिवस ठेवली, थेंब नाही. डिझेल भरलं आणि दुसऱ्या सकाळी तीन कोपरे ओले. डिझेल काढून, फडक्याने पुसून वरून परत रॉड मारला, तर त्याच्या शेजारून पाझरायला लागली. आता एम-सील लावावं का? – एक वाचक, जयगड

उत्तर : नाखवा, तुमच्या पत्रातलं ‘फडक्याने पुसून परत रॉड मारला’ हे वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. बाकीचं नंतर, आधी हे.

दापोली-हर्णे रस्त्यावर माझं वर्कशॉप आहे. सत्तावीस वर्षं होड्यांचीच कामं. दुसऱ्याच वर्षी एकाने पॅच मारायला टाकी आणली. तीन दिवस उन्हात उघडी ठेवलेली, हात घालून बघितलं तर कोरडी. पहिला रॉड टेकवला आणि पुढचा पत्रा ढोलासारखा फुगला, शिवण वीतभर फाटली, झाकण कानाजवळून जाऊन मागच्या भिंतीवर आपटलं. चिऱ्याला पडलेला खळगा अजून आहे. टाकीत डिझेल नव्हतंच. पडद्याच्या शिवणीत चमचाभर अडकलेलं होतं. पत्रा तापला की त्या चमचाभराची वाफ होते, आतल्या हवेत मिसळते, आणि ठिणगी आपल्या हातात असतेच. तुम्ही दोघे भाऊ त्या दिवशी वाचलात, एवढंच मी म्हणेन.

डिझेल लागलेल्या टाकीला हात लावायचा तर आधी धुण्याचा सोडा घालून कढत पाण्याने तीन-चारदा धुवा. प्रत्येक वेळी टाकी सगळ्या बाजूंनी उलटीपालटी करून घुसळा. मग जिथे वेल्डिंग करायचं तो कोपरा सगळ्यात वर येईल अशी टाकी टेकवा आणि जोडाच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरा. त्या दोन बोटांपलीकडे आत हवेला जागा उरता कामा नये. भरायचं तोंड आणि हवेची नळी उघडी. पाणी जोडाला मात्र लागू देऊ नका, नाहीतर त्याची वाफ वेल्डिंगमधून फुटून बाहेर येते आणि नवी भोकं पडतात. टाकी होडीत बसलेली असताना तर रॉड अजिबात लावायचा नाही. ती बाहेर काढा.

आता पाणी थांबलं आणि डिझेल का थांबलं नाही? डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. पाणी केसाएवढ्या भोकाच्या तोंडाशी थेंब धरून बसतं, डिझेल पत्र्याला चिकटत चिकटत त्यातून सरकतं. शिवाय स्लॅगचा (वेल्डिंगवर जमणाऱ्या काचेसारख्या कवचाचा) कण किंवा दोन दिवसांत धरलेला गंज पाण्यापुरतं बूच होतो. त्याच ओल्या भोकावर तुम्ही वरून रॉड मारलात. आतलं तेल जळलं, त्याचा धूर वितळलेल्या लोखंडातून वर आला आणि शेजारी दुसरं भोक ठेवून गेला. मुलामा चढवून पाझर बंद होत नाही. ग्राइंडरने ती जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खोदायची, दोन्हीकडे बोटभर जास्त, आणि मग एकदाच भरायची. एम-सील डिझेलने ओल्या पत्र्याला धरत नाही. धरलं तरी इंजिनाच्या थरथरीने कधीतरी भर समुद्रात सुटेल.

पण खरं सांगू? या टाकीवर आणखी वेळ घालवू नका. सहा तुकड्यांची पेटी म्हणजे बारा शिवणी आणि आठ कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन शिवणी येऊन भिडतात. रॉड नेमका तिथेच संपतो, हात तिथेच उचलला जातो, खळगा तिथेच राहतो. तुमचे तीनही पाझर कोपऱ्यातच आहेत, ते उगीच नाही.

नवी अशी करा. ३ मिमीचा ८ बाय ४ फुटी एक पत्रा घ्या, सगळं त्यातच बसतं. मिरजोळे एमआयडीसीत किंवा जवळ जिथे बेंडिंग प्रेस असेल तिथे १३५० बाय १००० मिमीचा तुकडा यू आकारात वाकवून घ्या : तळ ५००, दोन्ही बाजू ४००, आणि वरच्या काठांना आतल्या बाजूला २५-२५ची घडी. तळाच्या लांबीला आता शिवणच उरली नाही. झाकण ५०० बाय १०००. दोन टोकांचे पत्रे ५५० बाय ४५० कापा आणि चारही काठ २५ मिमी वाकवून घ्या, थाळीसारखे. ही थाळी यूच्या तोंडात घडी बाहेर करून बसवायची, म्हणजे दोन काठ एकमेकांना लागून उभे राहतात आणि त्यांच्या कडेवरून रॉड फिरवायचा. जळून भोक पडत नाही, पत्रा ओढला जात नाही. थाळीच्या कोपऱ्यात घडी घालताना खाच पडते, ती बाहेर असतानाच भरून, घासून, यूच्या वळणाला बसेल अशी गोल करून घ्या. प्रत्येक थाळीच्या या चार खाचांवर घाई केलीत तर सगळं मुसळ केरात. टाकीत साधारण १८५ लिटर मावेल. पडद्याचे खालचे दोन्ही कोपरे कापा, म्हणजे डिझेल आणि तळातलं पाणी एका बाजूला येईल. पडद्याला अखंड वेल्डिंग नको, तुटक टाके पुरेत.

रॉड ६०१३ नंबरचा, अडीच मिमी जाडीचा, ७० ते ८० अँपियर. टाके दर दोन इंचांवर, समोरासमोर, एका ओळीत नाही. आणि कोपऱ्यात रॉड सुरूही करायचा नाही, संपवायचाही नाही. कोपऱ्याच्या दीड इंच अलीकडे लावायचा, वळसा घालून दीड इंच पुढे न्यायचा. रॉड संपला की स्लॅग झाडून त्या टोकाचा खळगा ग्राइंडरने उतरता करायचा. नवा रॉड थोडा पुढे पेटवून मागे खळग्यात आणायचा आणि तिथून पुढे निघायचं.

आपल्याकडे एक अडचण वेगळीच. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ही सगळी कामं भर पावसात. उघड्या पुडक्यातला रॉड दोन दिवसांत ओल धरतो आणि वेल्डिंगला चाळणीसारखी बारीक भोकं पडतात. मी बंद पडलेल्या फ्रिजमध्ये १०० वॅटचा बल्ब कायम पेटता ठेवलाय, रॉड त्यात. ओल धरलेलीच असेल तर १०० अंशांवर तासभर भाजून घ्या.

तपासणी झाकण लावायच्या आधी. शिवणींना बाहेरून पातळ चुना लावा, वाळून पांढरा पडू द्या. मग आतून ब्रशने रॉकेल फिरवा आणि चहा प्या. अर्ध्या तासाने बघा. भोक असेल तिथे पांढऱ्यावर मोहरीएवढा ओला डाग उठतो आणि बघता बघता पसरतो. खडूने खूण करा. टाकी उघडी असल्याने सोड्याने धुऊन, पूर्ण वाळवून बिनधास्त दुरुस्त करता येते. झाकण लागल्यावर रॉकेल वापरायचं नाही, तेव्हा साबणाचा फेस आणि सायकलचा पंप.

इथे कंप्रेसर लावू नका. नुसत्या १ मीटर पाण्याएवढा दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम, दिला तरी तुमच्या टाकीच्या ४००० चौरस सेंटिमीटरच्या बाजूवर ४०० किलोचा रेटा पडतो. प्लंबर लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, यू करून भिंतीला बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक टाकीला जोडा. दोन्हीकडच्या पाण्यात १ मीटर फरक पडला की पंप थांबवा. जास्त मारलात तर पाणी वरून उडून जाईल, टाकी फुटणार नाही. मग फेस लावून प्रत्येक शिवण बॅटरीच्या उजेडात बघा. पाव तास पाणी खाली उतरलं नाही तरच रंगाला हात घाला.

जुनी टाकी खालून कुजली, त्याचं कारण बहुतेक तळ लाकडावर सपाट बसलेला असणार. खारं पाणी मध्ये शिरतं आणि वाळत नाही. आडव्या पट्ट्यांवर बसवा, खालून हात फिरेल एवढी जागा सोडा, तळाला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या.

प्रश्न : गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टाकी केली तर गंजणार नाही ना? – एक वाचक, देवगड

उत्तर : नको. जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरतं आणि त्याचा चिकटा फिल्टर आणि नोझलमध्ये बसतो. वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो. बंद पडवीत तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. माझ्या हाताखालच्या मुलाला आला होता, तेव्हापासून तो पत्रा मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. स्टेनलेस हवं असेल तर ३१६एल ग्रेडचं घ्या. ३०४ला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात.

प्रश्न : आउटबोर्ड मशीनसाठी पेट्रोलची लहान टाकी घरी करावी म्हणतो. – एक वाचक, मालवण

उत्तर : करू नका. आपल्याकडच्या डिझेलला पेट घेण्याइतकी वाफ द्यायला निदान ३५ अंश लागतात, पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही तेवढी वाफ देतं. पाझर मोहरीएवढा असला तरी ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळात साचून राहते. मशीनबरोबर येते ती प्लॅस्टिकची टाकीच विकत घ्या, आणि पेट्रोल भरताना ती होडीतून उतरवून धक्क्यावर ठेवा.