आधी फाइल बघा, मग दुकान गाठा

घरच्या घरी व्हिडिओ एडिट करण्यासाठी कमी खर्चात कोणता कॉम्प्युटर घ्यावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मुलीच्या नाचाचे कार्यक्रम, सहली वगैरे मी मोबाइलवर फोर-केमध्ये शूट करते. लॅपटॉपवर एडिटिंगची टाइमलाइन (क्लिप जोडायची पट्टी) इतकी अडखळते की एक कट मारायला पाच मिनिटं लागतात. दुकानदाराने आय-फाइव्ह १२४००एफ, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी असं कोटेशन दिलं आहे. घेऊ का?

उत्तर : या कोटेशनवर घेऊ नका. त्यात काही गोष्टी बदलून घ्या.

आधी मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तुमची एखादी क्लिप त्यात उघडा. फॉरमॅटपुढे बहुधा एचईव्हीसी दिसेल. ही व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत आहे. यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्या फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच. म्हणून फाइल लहान राहते. पण टाइमलाइनवर मधेच कुठे थांबलात की ती एक फ्रेम दाखवायला कॉम्प्युटरला मागच्या पूर्ण फ्रेमपासून सगळा हिशोब मांडत यावं लागतं. उलटं ओढलं तर आणखी हाल.

हे काम करणारा खास भाग इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. नावापुढे 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्स बंद असतं. जीटी ७१० हे कार्ड इतकं जुनं आहे की त्याला एचईव्हीसी उलगडताच येत नाही. म्हणजे कार्डाचे पैसे द्यायचे आणि सगळा भार पुन्हा प्रोसेसरच्या सहा कोअरवरच. त्याऐवजी 'एफ' नसलेला साधा १२४०० घ्या, कार्ड काढून टाका आणि वाचलेले पैसे रॅमवर घाला.

रॅम १६ जीबी हवीच, आणि ती ८ + ८ अशा दोन काड्यांत. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून वाटा घेतं, त्यामुळे एकच काडी असली की ते अर्ध्या रस्त्यावर चालल्यासारखं चालतं. १२४०० हा डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅमच्या दोन्ही प्रकारांवर चालतो, पण मदरबोर्ड कोणता त्यावर काडी ठरते. तेव्हा बिल करण्याआधी दोन्ही जुळतात ना, ते पाहा. पुढे ३२ जीबी करायचा विचार असेल तर चार स्लॉटचा बोर्ड मागा. स्वस्त एच६१० बोर्डांवर बहुतेक दोनच स्लॉट असतात.

एसएसडीच्या वेगाबाबत मात्र लोक उगाच घाबरतात. आयफोनचं सेकंदाला ३० फ्रेमचं फोर-के मिनिटाला साधारण १७० एमबी जागा घेतं, म्हणजे तासाला १० जीबी आणि सेकंदाला ३ एमबीसुद्धा नाही. एवढं तर जुनी हार्ड डिस्कही आरामात देते. तेव्हा ५०० जीबीची साधी एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी एसएसडी) विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामासाठी ठेवा, संपलेलं काम हार्ड डिस्कवर. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, घेऊ नका. तिथे वाचवलेले पैसे पुढे बोर्डासकट जातात. आणि ६०० व्हीएचा यूपीएस लावाच. या मशिनला तो पुरतो, आणि रेंडर (अंतिम व्हिडिओ बनणं) ९० टक्क्यांवर असताना वीज गेली तर सगळं पहिल्यापासून.

हे सगळं केलं तरी क्विक सिंकचा पूर्ण फायदा सॉफ्टवेअरने घेतला तरच मिळतो. प्रीमिअर प्रो हे विकतचं सॉफ्टवेअर तो घेतं, पण मोफत सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या टॅबमध्ये, शॉटकटमध्ये सेटिंग्ज मेनूत ती चालू करता येते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर उजवं क्लिक करून 'जनरेट प्रॉक्सी मीडिया' निवडा. पाव आकाराची प्रॉक्सी म्हणजे ९६० बाय ५४०. कट, संगीत, टायटल याला ती भरपूर झाली. शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतं. प्रॉक्सी बनायला वेळ लागतो, तेव्हा रात्री लावून झोपा.

खरं तर हा प्रयोग आधी आहे त्या लॅपटॉपवर करून बघा. कदाचित खरेदी वर्षभर पुढे ढकलता येईल.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेला 'आय-सेव्हन, १६ जीबी, एसएसडी' असा जुना डेस्कटॉप स्वस्तात मिळतोय. आय-सेव्हन म्हणजे चांगलाच असणार ना?

उत्तर : 'आय-सेव्हन' या शब्दावर जाऊ नका, पुढचा आकडा विचारा. ४७७० म्हणजे चौथी पिढी, ८५०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. चौथ्या पिढीला एचईव्हीसी उलगडण्याची सोयच नाही. सहावीत ८ बिट रंगांच्या फाइलपर्यंत आहे, जास्त छटांच्या १० बिट फाइलसाठी सातवीपासून. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला साधारण आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून आठवीच्या खाली उतरू नका. आय-फाइव्ह ८५०० मध्ये सहा कोअर आहेत. घरगुती कामाला तो चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा कितीतरी बरा.

कॅबिनेटही उघडून बघा. ऑफिसचे बारके डबे दिसायला छान, पण त्यांचा एसएमपीएस बहुधा कंपनीच्याच मापाचा असतो आणि पूर्ण उंचीचं ग्राफिक्स कार्ड आत मावत नाही. पुढे कार्ड टाकायचं असेल तर टॉवर शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर मशिन चालू करून तुमचीच क्लिप पेन ड्राइव्हवरून लावून पाहा. वॉरंटी किती दिवसांची, ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : लग्नाचा व्हिडिओ जोडला. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, अर्ध्या तासाने आवाज जुळेनासा होतो. कॉम्प्युटर कमी पडतोय का?

उत्तर : नाही, कॉम्प्युटर बदलून हे जाणार नाही. हॉलमधला उजेड कमी झाला की बरेच मोबाइल सेकंदाला कमी फ्रेम घेतात. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ठरावीक वेग धरून चालतं, म्हणून फरक साचत जातो. मीडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' दिसलं की हेच कारण समजा. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्लिप उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, गुणवत्तेचा आरएफ १८ ठेवा. आकडा कमी तितकी गुणवत्ता जास्त. फाइल फुगेल, फुगू द्या. मूळ फाइल डिलीट करू नका, आणि हे सगळं टाइमलाइनवर आणण्याआधी करा.

जाता जाता, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमने शूट केलं की कधी कधी पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेमने घेतलं तर बहुधा जातात. आयफोनमध्ये त्यासाठी कॅमेरा सेटिंगमध्ये 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करावं लागतं.

प्रश्न : असेंबल करण्यापेक्षा ॲपलचा छोटा डेस्कटॉप, मॅक मिनी घ्यावा असं भाचा म्हणतो.

उत्तर : भाचा चुकीचं सांगत नाही. एम-४ प्रोसेसरचा मॅक मिनी २०२४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा भारतात ५९,९०० रुपयांपासून होता, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेजसह. एचईव्हीसी तो सहज पेलतो आणि आयमूव्ही हे एडिटिंग सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मात्र मॉनिटर, कीबोर्ड, माउस वेगळे घ्यावे लागतात आणि रॅम पुढे वाढवता येत नाही. २५६ जीबी लवकर भरतं. जास्त स्टोरेजसाठी कंपनीला पैसे देण्यापेक्षा १ टीबीची बाहेरची एसएसडी लावून प्रोजेक्ट तिच्यावरच ठेवा.