वाचकांचे प्रश्न: टोपीखालची कानपट्टी

सोलापूरची थंडी पहाटेची. डिसेंबर-जानेवारीत पाच-साडेपाचला पारा १५ अंशांच्या आसपास असतो, लाट आली की आणखी खाली जातो आणि दुपारी पुन्हा ३० च्या घरात. त्यामुळे इथे कानासाठी जे शिवायचे ते डोक्यावर आधीच असलेल्या टोपीबरोबर चालले पाहिजे आणि दहाच्या उन्हात काढून खिशात घालता आले पाहिजे. या वेळची बहुतेक पत्रे याच विषयावरची आहेत, म्हणून बाकीचे शिवणकाम पुढच्या अंकात.

प्रश्न: सासरे ७४ वर्षांचे आहेत. रोज पहाटे कंबर तलावावर फिरायला जातात. डोक्यावर पांढरी टोपी हवीच, माकडटोपी घालणार नाहीत. टोपीवरून मफलर बांधला तर टोपी चुरगळते. म्हणून मी टोपीला आतून फ्लीसची पट्टी शिवली आणि तिला दोन कान जोडले. आता टोपीच वर सरकते आणि कान उघडे पडतात. काय चुकले? (जुळे सोलापूर)

उत्तर: कल्पना बरोबर आहे, जाडी चुकली. साधे फ्लीस ३ मि.मी. जाड असते. टोपीच्या आत सगळीकडून ३ मि.मी. वाढले की डोक्याचा घेर सुमारे १९ मि.मी. वाढतो, म्हणजे पाऊण इंच. २२ नंबरची टोपी जवळजवळ २३ नंबरच्या डोक्यावर चढवल्यासारखी होते. ती वर चढणारच. दुसरे म्हणजे पांढरी टोपी डोक्यावर नुसती ठेवलेली असते, तिला खालून धरणारे काही नसते. तिला कान टांगले की वाऱ्याने ते फडफडतात आणि टोपीलाही उचलतात. शिवाय टोपीला खळ-इस्त्री लागते. फ्लीस पॉलिएस्टरचे असते, गरम इस्त्री लागली की चपटे होते, प्रसंगी वितळते.

म्हणून कानपट्टी टोपीपासून वेगळी ठेवा. टोपीखाली जाणारा भाग बनियनच्या होजिअरी कापडाचा, कानावरची वाटी जाड, आणि दोन्ही वाट्या मानेमागून इलास्टिकने जोडलेल्या. नुसते मागचे इलास्टिक लावून भागत नाही, हेही सांगून ठेवतो. पुढून धरणारे काही नसले तर ते कान मागे ओढते आणि चार पावलांत वाट्या कानावरून निसटतात.

मापे सासऱ्यांचीच घ्या, नवऱ्याची नकोत. वयाबरोबर कान लांबत जातो. टोपी बसते त्या रेषेवर डोक्याचा घेर घ्या, मग टोपीच्या कडेपासून कानाच्या पाळीच्या खालपर्यंतची उंची. घेर ५६ सें.मी. असेल तर पट्टीचे कापड ५२ सें.मी. लांब आणि १० सें.मी. रुंद कापा. होजिअरी ज्या बाजूने ताणते ती बाजू लांबीत आली पाहिजे. दुहेरी दुमडून शिवल्यावर पट्टी ४ सें.मी. रुंद आणि ५० सें.मी. घेराची होते. तिची जाडी जेमतेम १ मि.मी., म्हणजे टोपीच्या घेरात फक्त ६ मि.मी. वाढ. तेवढे टोपी सोसते.

कानाच्या वाटीसाठी पुठ्ठ्यावर अंड्याचा आकार काढा: उंची १०.५, रुंदी ८.५ सें.मी., वरची कड ७ सें.मी. सपाट. कापताना चहूबाजूंनी १ सें.मी. माया (शिवणीसाठीचे जादा कापड) सोडा. बाहेरून घट्ट विणीचे कापड घ्या, पांढरे पॉपलीन किंवा टेरिकॉट, आतून फ्लीस. बाहेरच्या कापडाचे काम वारा अडवायचे, आतल्याचे हवा धरून ठेवायचे. नुसते फ्लीस लावले तर वारा त्यातून आरपार जातो.

दोन्ही थरांना खालच्या कडेला एकेक टक्स (वर निमुळती होणारी शिवलेली चिमटी) घाला, कडेला २ सें.मी. रुंद आणि ३.५ सें.मी. उंच. या टक्समुळेच वाटीला खोली येते. बाहेरच्या थराचा टक्स पुढे मोडा, अस्तराचा मागे. दोन्ही एकाच बाजूला मोडले तर पाळीमागे गाठ होते आणि अर्ध्या तासात टोचू लागते. आता सुलट बाजू आत ठेवून बाजूच्या आणि खालच्या कडा शिवा, वरची कड उघडी ठेवा. मानेमागच्या पट्टीचे टोक मागच्या कडेला, तळापासून ३ सें.मी. वर, दोन थरांमध्ये आधीच धरून ठेवायला विसरू नका. माया ४ मि.मी. ठेवून बाकीची कापा, गोलाईवर कैचीने बारीक काप द्या आणि वाटी उलटवा.

मानेमागची पट्टी अशी: वाट्या कानावर धरून मागून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. ते १८ सें.मी. भरले तर इलास्टिक १५ सें.मी. आणि शिवणीत जायला दोन्हीकडे १-१, एकूण १७. त्यावरची कापडी नळी मात्र २४ सें.मी. हवी, नाहीतर डोक्यावरून चढवताना ती ताणणार नाही.

वाट्या पट्टीला कुठे जोडायच्या हे टेपने ठरवू नका. पट्टीची निम्मी लांबी बरोबर कानावर येईलच असे नाही. सासऱ्यांना पट्टी घालायला लावा आणि कानाच्या छिद्राच्या सरळ वर खडूने खूण करा. वाटीची उघडी कड पट्टीच्या खालच्या कडेला झिगझॅग टिपेने जोडा. साधी टीप ताण आला की तटकन तुटते. मशीनला झिगझॅग नसेल तर हाताने सैलसर बखिया घाला. चष्मा असेल तर या जोडात वाटीच्या पुढच्या कोपऱ्याकडे दीड सें.मी. जागा न शिवता सोडा. चष्म्याची काडी तिथून आत सरकते आणि कानावर दाबली जात नाही.

घालून दहा मिनिटांनी कानाची वरची कड पाहा. लाल दिसली तर वाटी उथळ आहे, टक्स २ ऐवजी अडीच सें.मी. करा. पाळी सोडली तर कानात चरबीचा थर जवळजवळ नसतो, कूर्चेवर नुसती कातडी. कापडाने ती दाबली तर रक्त कमी पोचते आणि झाकलेला कानही गार पडतो. वाटी पोकळ हवी ती एवढ्यासाठी. आणि त्यांना माकडटोपी घालण्याचा आग्रह करू नका. जन्मभर वापरलेली टोपी नीट दिसावी असे वाटणे रास्तच आहे.

प्रश्न: घरात सोलापुरी चादरीचे आणि टर्किश टॉवेलचे तुकडे पुष्कळ आहेत. त्यांची कानपट्टी होईल का? (अक्कलकोट रोड)

उत्तर: होईल, पण दोन्हींची जागा ओळखून.

चादरीचा तुकडा फक्त बाहेरून वापरा. सूत जाड आहे, कापले की कड भराभर उसवते. आधी आकार आखून घ्या, रेषेच्या आत ३ मि.मी. अंतराने दोन टिपा मारा आणि मगच कैची लावा. उलटे केले तर शिवण पुरी व्हायच्या आत निम्मी माया दोऱ्या होऊन निघून जाते. चादरीची वीण जाड असली तरी दाट नाही, वारा आत येतो. म्हणून चादर आणि अस्तर यांच्यामध्ये पॉपलीनचा एक थर घाला. आणि ओला पांढरा रुमाल तुकड्यावर घासून पाहिल्याशिवाय गडद लाल किंवा हिरवी चादर पांढऱ्या टोपीजवळ नेऊ नका. रुमालाला रंग लागला तर घामाने टोपीलाही लागेल.

टॉवेल कोरडा असेपर्यंत उत्तम. त्याच्या फाशांत हवा राहते आणि कानाला मऊ लागतो. पण भरभर चालणाऱ्याला वीस मिनिटांत घाम येतो, सुती टॉवेल तो पिऊन बसतो आणि मग ओल्या कापडावर वारा लागून कान जास्तच गारठतो. दूधवाले, पेपरवाले, स्कूटरवर बसून जाणारे यांनी टॉवेलचे अस्तर लावावे, चालणाऱ्यांनी फ्लीस. कोरा टॉवेल एकदा धुऊन वाळवल्याशिवाय बेतू नका. तो आटतो, बाहेरचे कापड आटत नाही, आणि वाटी आतून चुरगळल्यासारखी होते.

प्रश्न: पहिल्या पाळीला पहाटे मोटारसायकलवरून चिंचोळी एमआयडीसीत जातो. हेल्मेटच्या आत लोकरीची कानपट्टी घालतो तरी कान गार पडतात, आणि हेल्मेट घट्टही होते. (बाळे)

उत्तर: ती कानपट्टी आजच काढा. हेल्मेट डोक्याला सगळीकडून टेकलेले असले तरच अपघातात उपयोगी पडते. जाड लोकर मध्ये आली की ते आधी घट्ट वाटते, मग लोकर दबते आणि हेल्मेट हलू लागते. गार पडण्याचे कारणही हेच: दबलेल्या लोकरीत हवा उरत नाही.

पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये वारा कानावर थेट येत नाही, तो हनुवटीखालून आत शिरतो. म्हणून उपाय कानाला नको, गळ्याला करा. ५० सें.मी. घेराची आणि २५ सें.मी. उंचीची होजिअरीची दुहेरी नळी शिवा. खालची कड जॅकेटच्या आत खोचा, वरची हनुवटीपर्यंत आणा. डोक्याला फार तर एकेरी होजिअरीची टोपी घाला, शिवण मधोमध डोक्यावरून नेलेली आणि बाहेरच्या बाजूला. कानावरून शिवण गेली तर तासाभरात वळ उठतो. टिचबटण, वेल्क्रो, गाठ असे काहीही हेल्मेटखाली नको.

घालून पट्टा लावा आणि हेल्मेट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. हेल्मेट एकटेच फिरले तर टोपीही काढा. कान उघडे ठेवणारे अर्धे हेल्मेट असेल तर शिवण्यात वेळ घालवू नका, पूर्ण हेल्मेट घ्या.

प्रश्न: क्रोशाने कानाच्या गोल वाट्या विणल्या. एक झालरीसारखी लाटांची झाली, दुसरी टोपलीसारखी वळली. दोन्हींतून वारा येतोच. (पंढरपूर)

उत्तर: खांब (क्रोशाचे उंच टाके) वाढवण्याचा हिशोब चुकला. खांबाच्या गोलात पहिल्या ओळीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६ अशी दर ओळीला १२ ची वाढ हवी. जास्त वाढवले की कडेला लाटा येतात, कमी वाढवले की वळते. तुम्हाला थोडे वळलेलेच हवे आहे, म्हणून ३६ पर्यंत सपाट विणा आणि पुढची एक ओळ न वाढवता ३६ चीच घ्या. वाटीला आपोआप काठ येतो. ४ प्लाय लोकरीत ती साधारण ८ ते ९ सें.मी. होते. कमी भरली तर सुई अर्ध्या नंबराने मोठी घ्या, खांब वाढवू नका.

वारा येणारच, कारण खांबांच्या मध्ये भोके असतात. आतून पॉपलीनचा गोल लावा, त्यावर फ्लीस. अस्तर हाताने, सैल टाक्यांनी जोडा, कारण लोकर ताणते आणि पॉपलीन ताणत नाही.

प्रश्न: आईला श्रवणयंत्र आहे. कानपट्टी घातली की शिट्टी वाजते. (होटगी रोड)

उत्तर: कानातून निसटणारा आवाज जवळच्या कापडावर आपटून यंत्राच्या माइकमध्ये परत जातो, तीच शिट्टी. कानामागच्या यंत्रात माइक वरच्या बाजूला, कानाच्या कडेपाशी असतो. तिथे कापड टेकू देऊ नका. टक्स ३ सें.मी. करा म्हणजे वाटी खोल होईल, आणि माइकसमोर फ्लीस कापून एकेरी होजिअरीचा तुकडा लावा. सळसळणारे, जॅकेटसारखे कापड बाहेरून नको. त्याचा प्रत्येक घासल्याचा आवाज यंत्र मोठा करून देते. एवढे करूनही शिट्टी येत असेल तर कानातला साचा सैल झालेला असू शकतो. तो श्रवणतज्ज्ञांना दाखवा. घरी आल्यावर यंत्र पुसून कोरडे ठेवा.

प्रश्न: आमचा बचतगट गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर) यात्रेसाठी ५० कानपट्ट्या शिवणार आहे. कापड किती घ्यावे? (शेळगी)

उत्तर: ५० जोड्या म्हणजे बाहेरचे १०० तुकडे, प्रत्येकी १२.५ × १०.५ सें.मी. ५८ इंची पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) एका ओळीला १३ तुकडे बसतात, आठ ओळी लागतात. सव्वा मीटर घ्या, थोडे उरेल. फ्लीसही ५८-६० इंची पन्ह्यात तेवढेच, मात्र सगळे तुकडे एकाच दिशेने बेता. फ्लीस आडवे जास्त ताणते. काही तुकडे आडवे, काही उभे झाले तर एकाच जोडीतले दोन कान वेगळे दिसतात. इलास्टिक १७ सें.मी.च्या हिशोबाने साडेआठ मीटर लागेल, ९ आणा.

सगळ्यांना एकच माप चालणार नाही. पट्टीचा तयार घेर ४८, ५० आणि ५२ सें.मी. असे तीन ठेवा, मधले निम्मे आणि बाकीचे दोन जवळपास सारखे. वाटी सगळ्यांना तीच. आधी प्रत्येक मापाची एकेक पुरी शिवून तीन-चार वेगवेगळ्या डोक्यांवर टोपीसकट घालून बघा, मगच उरलेले कापड बेता.

प्रश्न: गड्ड्याच्या रात्री होम मैदानावर न्यायला सहा वर्षांच्या मुलासाठी हीच कानपट्टी चालेल का? हनुवटीखाली नाडी बांधावी का? (सात रस्ता)

उत्तर: चालेल. डोक्याच्या घेरातून ५ सें.मी. वजा करून पट्टी बेता, वाटी ९ × ७.५ सें.मी. नाडी अजिबात नको. यात्रेतल्या पाळण्यात कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो. मानेमागच्या पट्टीच्या मधोमध २ सें.मी. वेल्क्रो लावा, जोराने ओढले तर सुटणारे.