बॅटरी नवी, तरी दोन-तीन दिवसांत उतरते. अल्टरनेटर बदलायचा का?

अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर, बदलू नका, निदान मोजमाप होईपर्यंत तरी नको. तुम्ही लिहिलंय की सहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, वर्षभरातली ही दुसरी बॅटरी आणि गॅरेजवाला अल्टरनेटर बदला म्हणतोय. रोज चालवली तर एका सेल्फला सुरू होते, दोन-तीन दिवस उभी राहिली की नुसती टकटक. यातल्या ‘रोज चालवली तर’ या शब्दांतच बरंचसं उत्तर आहे. अल्टरनेटर चार्ज करत नसता तर गाडीने रोजच्या वापरातच दगा दिला असता. तुमची बॅटरी चालताना भरतेय आणि उभी असताना कुठेतरी करंट खाल्ला जातोय.

चिपळुणात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कितीतरी लोकांनी आधीच एखादी चांगली बॅटरी मोडीत दिलेली असते, याचं मला खरंच वाईट वाटतं. हा दोष शोधायला व्होल्टेज आणि करंट मोजणारा पाच-सातशे रुपयांचा मल्टिमीटर आणि एक मोकळी सकाळ पुरते.

आधी साधं माप घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा बघा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडी करून घट्ट आवळा. एवढ्यानेही काही गाड्या सुधारतात, पण तुमच्या लक्षणांवरून इथे थांबायचं नाही.

आता खरं काम. चावी काढा, एक काच खाली ठेवा, म्हणजे सेंट्रल लॉक आपोआप बसलं तरी पंचाईत नको. आतल्या फ्यूज बॉक्ससाठी दार उघडं ठेवावं लागेल, म्हणून दाराच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत बसवा. गाडीला दार लागलंय असंच वाटतं. काम झाल्यावर हँडल ओढून ती जीभ आठवणीने सोडवा, नाहीतर दार लावताना लॉक मोडतं. मग १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, एक टोक काढलेल्या केबलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा. आता गाडीत जाणारा सगळा करंट मीटरमधून जातोय. अशा वेळी चावी फिरवायची नाही. सेल्फ शंभराहून जास्त ॲम्पिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथल्या तिथे उडेल.

सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, एखाद-दोन ॲम्पिअरसुद्धा. केबल काढून जोडली की गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, जागे होतात आणि परत झोपायला वेळ घेतात. अर्धा-पाऊण तास थांबा. घाईने पाहिलेला आकडा हमखास फसवतो. शेवटी आकडा २० ते ५० मिलिॲम्पिअरवर स्थिरावला तर गाडी ठीक आहे. घड्याळ, म्युझिक सेटची मेमरी, रिमोट लॉक यांना तेवढा लागतोच. ५० मिलिॲम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच (ॲम्पिअर-तास), ३५ एएचची बॅटरी त्यावर दोन आठवडे सहज तग धरते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांच्या गाडीला हुबेहूब तुमच्यासारखाच त्रास होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी मीटर लावला. पाऊण तासाने आकडा थांबला तो ४५० वर. म्हणजे दिवसाला जवळजवळ ११ एएच. दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त बॅटरी साफ, तिसऱ्या दिवशी सेल्फ कसा लागणार? ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला तर ॲम्प्लिफायरची पत्र्याची पेटी कोमट लागली. रात्रभर पाऊस पडत होता, सगळी गाडी गार पडलेली आणि ती एवढीच पेटी उबदार. तरीही अंदाजावर न जाता एकेक फ्यूज काढत गेलो. स्टिअरिंगखालच्या बॉक्समधला १५ ॲम्पिअरचा निळा फ्यूज उपसला आणि आकडा ४५० वरून धाडकन पडला. त्या फ्यूजवर सेट आणि आतला दिवा, दोन्ही होते. फ्यूज परत लावला, दिव्याचा बल्ब काढला, काही फरक नाही. मग सेट बाहेर ओढला.

सेटच्या मागे पिवळी, लाल आणि ॲम्प्लिफायरकडे जाणारी निळी अशा तीन वायरी सोलून एकत्र पिळल्या होत्या, वर काळी टेप. उन्हाने तिचा डिंक पाघळून बोटांना चिकटत होता. पिवळीत मेमरीसाठी कायम करंट असतो, लाल वायर फक्त चावी फिरवल्यावर जिवंत व्हायला हवी आणि निळीने सेट चालू झाला की ॲम्प्लिफायर जागा करायचा. चावीशिवाय गाणी लागावीत म्हणून बसवणाऱ्याने तिन्ही एक केल्या होत्या, त्यामुळे ॲम्प्लिफायर दिवसरात्र चालूच. लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली, निळी सेटच्या स्वतःच्या निळ्या वायरला जोडली, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह बसवली. आकडा २४ मिलिॲम्पिअर. गाडी चार दिवस मुद्दाम उभी ठेवली, बॅटरी १२.५ च्या वरच राहिली.

म्हणून तुमचा आकडा जास्त निघाला तर असेच एकेक फ्यूज काढून बघा, आणि तुमच्या गाडीतही कंपनीतून न आलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा: सेट, ट्रॅकर, डॅशकॅम, मागचा कॅमेरा, जादा हॉर्न. त्यानंतर डिकीचा दिवा. डिकी बंद केल्यावर तो विझतो का हे बाहेरून कळत नाही, मोबाइलचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवा आणि डिकी लावा. एखादा रिले (करंटवर चालणारा स्विच) चिकटलेला असतो, तो हाताला गरम लागतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघून घ्या. आणि गाडी जुनी घेतली असेल तर आधी कुठे होती ते विचारा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गावात किती गाड्या बुडाल्या ते मी पाहिलंय. वरून पुसून लख्ख केलेल्या गाडीच्या कनेक्टरमध्ये तांबं आतल्या आत हिरवं पडत जातं आणि बिघाड काही महिन्यांनी डोकं वर काढतो.

फ्यूज उपसताना कधी कधी कंट्रोल युनिट पुन्हा जागे होतात आणि आकडा नाचायला लागतो. तसं झालं तर केबल नेहमीसारखी जोडा, गाडीला झोपू द्या आणि फ्यूज जागेवरच राहू द्या. फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्यांना दोन्ही टोकं लावा. शून्य आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाही. दोन-तीन मिलिव्होल्ट दिसले तर तिथे शोधा.

सगळे फ्यूज निर्दोष निघाले तरच अल्टरनेटरकडे वळा. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आतला डायोड खराब झाला तर चार्जिंग ठीक दिसूनही उभ्या गाडीत करंट उलटा वाहू शकतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून मग अल्टरनेटरची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि वरचीच मिलिॲम्पिअरची चाचणी पुन्हा करा. आकडा आता पडला, तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे आणि मी स्वतः सांगेन, बदला.

एक मात्र आजच करा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नका, चार्जरवर तीन-साडेतीन ॲम्पिअरने रात्रभर लावून पूर्ण भरा. अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ही दुसरीही हकनाक जाईल. चाचणी झाल्यावर स्थिरावलेला आकडा आणि तो कोणता फ्यूज काढल्यावर पडला, एवढं इथे लिहा. त्या फ्यूजवर काय काय आहे ते आपण मिळून शोधू.