फोनशेजारची वही

प्रश्न : ताई, वेळणेश्वरजवळ आमचं घर आहे. चार खोल्या पर्यटकांना देतो, स्वयंपाक माझी पत्नी करते. दोन वर्षांपूर्वी एकांकडून वेबसाइट करून घेतली. उघडली की समुद्राचा व्हिडिओ लागतो, मग नारळी-पोफळीचे फोटो. दिसते छान. पण घराचं नाव टाकल्याशिवाय गुगलवर ती सापडत नाही, आणि ज्यांना सापडते तेही फोन करून सगळं परत विचारतात. आता दुसरे एक जण म्हणतात, आत शंभर कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, घालून देतो, गुगलच्या पहिल्या पानावर याल. पैसे द्यावेत का?
– एक वाचक, ता. गुहागर

उत्तर : काका, देऊ नका. पानाच्या पोटात न दिसणारे कीवर्ड भरायची पद्धत जुनी आहे. क्रम ठरवताना आम्ही ते बघतच नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि पहिल्या पानाची हमी कुणालाच देता येत नाही.

तुमचं खरं दुखणं तुम्हीच लिहिलंय : ‘फोन करून सगळं परत विचारतात.’ मी तुमची वेबसाइट माझ्या फोनवर उघडून बघितली. ‘निसर्गाच्या कुशीत’ आहे, ‘अविस्मरणीय अनुभव’ आहे. पण खोलीचा दर, फोन नंबर आणि गावाचं नाव तिन्ही एका पोस्टरच्या चित्रात आहेत. चित्रातली अक्षरं गुगलला मजकुरासारखी भरवशाने वाचता येत नाहीत, आणि नंबरवर बोट ठेवलं तर फोनही लागत नाही. म्हणजे ‘गुहागर’ हा शब्द तुमच्या अख्ख्या मजकुरात एकदाही नाही. मग गुहागर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार कसे?

फोनशेजारी एक वही ठेवा. पंधरा दिवस जो कुणी जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. चिपळूण स्टेशनला उतरून कसं यायचं? दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते का? संडास खोलीतच आहे ना, कमोड आहे ना? आईचे गुडघे दुखतात, समुद्र किती पावलांवर? शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी असतात का? पावसाळ्यात चालू असता का? हीच तुमची वेबसाइट. माणूस फोनवर जे विचारतो, जवळपास त्याच शब्दांत तो शोधतो. त्याला उत्तर मिळावं म्हणून लिहिलेलं पान शोधयंत्रालाही कळतं. दरही लिहा. दर लपवला की लोक महाग समजून पुढे जातात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

प्रत्येक पानाला त्याचं स्वतःचं शीर्षक हवं, म्हणजे गुगलच्या यादीत दिसतं ते नाव. तुमच्या पाचही पानांवर ‘होम’ आहे. त्याऐवजी ‘वेळणेश्वरला घरगुती राहण्याची सोय : चार खोल्या, घरचं जेवण’ असं सरळ लिहा. बरेच पाहुणे रोमन अक्षरांत शोधतात, म्हणून इंग्रजी पान वेगळं करा, वेगळ्या वेब-पत्त्यावर. एकाच पानात दोन्ही भाषांची खिचडी नको.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण इथे मला फार कळकळ वाटते. या कामात नवी होते तेव्हा एका साप्ताहिकाची जुनी वेबसाइट माझ्याकडे आली होती. पडद्यावर सुंदर मराठी दिसायचं. पण मथळा गुगलमध्ये टाकला तर काहीच मिळेना. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होता. आत साठवलेली होती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी होता तो नुसता मुखवटा. लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं लिखाण असून नसल्यासारखं झालं होतं. आम्ही ते युनिकोडमध्ये आणलं, रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करत महिने गेले. तुम्ही एक करून बघा : ‘आमच्याविषयी’ पानावरच्या ओळीवर बोट दाबून धरा. ओळ निवडता आली नाही तर ते चित्र आहे. निवडून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवल्यावर अगम्य चिन्हं उमटली, तर फॉन्ट जुना आहे.

तुमच्या मथळ्यांत अक्षरं एकमेकांपासून लांब केली आहेत. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ते अंतर शून्य करायला सांगा. दोन ओळींमध्ये मात्र जागा जास्त ठेवा, ओळीची उंची साधारण अक्षराच्या दीडपट. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत आहे आणि लहान पडद्यावर छान वाचता येतो.

तो व्हिडिओ काढा. तुमची माया त्यात आहे हे मला कळतं. तो खाली ठेवा, ज्याला बघायचाय तो दाबून बघेल. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गुगलचंच माप आहे. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका, दोनशे केबीच्या आसपास आणा. फोटोची जागा आधीच राखून ठेवायला सांगा, म्हणजे वाचता वाचता पान उडी मारणार नाही. मग वायफाय बंद करून अंगणात उभं राहून स्वतः उघडून बघा. गुगलही आता वेबसाइटचं मोबाइलवरचं रूपच तपासतं.

शंभर कीवर्डांचे पैसे या दुरुस्त्यांना द्या. गुगलचं सर्च कन्सोल फुकट जोडून मिळतं. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. नकाशावरची तुमची नोंदही बघा, तिथला फोन नंबर जुना आहे.

आणि एक पान तुम्हीच लिहा, दुसऱ्या कुणाला देऊ नका : हेदवीची बामणघळ, म्हणजे लाटेचं पाणी उंच उसळतं ती खडकातली अरुंद घळ, कधी बघायची. भरतीला, हे पुष्कळांना माहीत नसतं. ओहोटीला जातात आणि हिरमुसून परततात. भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची, ते तुम्हाला येत असेल. तेही लिहा. वही भरली की मला पाठवा.